खालची पट्टी

...खुंटी दांडीत शिरते तिथे, अगदी मुळाशी, कुंकवाचा एक कण अजून बसलेला होता. तिळाएवढा, काळपट, तेल पिऊन घट्ट झालेला. मैनाने त्याला नख लावले आणि पुन्हा काढून घेतले. आधी भोपळा पुसू, मग याचे बघू, असे स्वतःला सांगून तिने जवसाच्या तेलात भिजवलेली चिंधी एकतारीच्या भोपळ्यावरून फिरवायला घेतली. तीन वर्षांचा धूर होता तो. चिंधी पहिल्याच फेऱ्यात काळी झाली, आणि खालून भोपळ्याचा तो गव्हाळ, मधूनच तांबूस रंग हळूहळू वर आला, बाच्या पाठीसारखा. कातड्याला मात्र तिने ओला हात लागू दिला नाही. पाणी लागले की कातडे रुसते, बा म्हणायचा, आणि रुसलेले कातडे बायकोपेक्षा वाईट, तिची समजूत तरी घालता येते.

बा, म्हणजे तिचा बाप देवमन, अकोटच्या जिनात कापसाच्या गाठी उचलणारा आणि सांजेला भजन म्हणणारा, मरून तीन वर्षे झाली होती. तेव्हापासून त्याची एकतारी अकोल्याला मैनाच्या घरात चुलीवरच्या भिंतीला टांगलेली होती. आज ती खाली आली होती आणि समोरच्या पाटावर एक खाकी पुडी होती, तिच्यात नवी पोलादी तार, केसासारखी बारीक, वेटोळे घालून झोपलेली.

पुडी काल उत्तमराव मास्तरांनी स्वतः आणून दिली होती. मास्तर शाळेत शिकवत, वस्तीच्या गायन पार्टीत पेटी वाजवत, आणि आज संध्याकाळी, वैशाखी पौर्णिमेला, विहाराच्या पत्र्याखाली कोण काय गाणार हे तेच ठरवत. वस्तीतली बाई आजवर वाद्य घेऊन तिथे बसली नव्हती. बायांनी मागे उभे राहून झील धरायची, एवढेच. मैनाने एकतारी घेऊन पुढे बसावे आणि तिचे स्वतःचे गाणे एकटीने म्हणावे, हे मास्तरांनीच काढले. त्यासाठी ते चार म्हाताऱ्यांशी भांडलेसुद्धा. म्हणून तर... वाईट माणसाला नाही म्हणणे सोपे असते.

“मैनाबाई, पेटीची पट्टी काळी दोन,” मास्तर दारातच उभे राहून म्हणाले होते. “तुमची ही तार पार जमिनीत बसली हाये. ही नवी लावा, अन् आवाज थोडा वर घ्या. बाईचा आवाज बाईसारखा पायजे, मंग लोक ऐकतीन.”

“अन् नाई आला वर तं?”

“येते, येते. न येवाले काय झालं? बाकीच्या बायांचा येते नं!”

आवाज वर घ्या हे मास्तर आठ दिवसांपासून सांगत होते, आणि तेवढे दिवस तिने करून पाहिले होते. पोरे खेळायला गेली, नवरा कचेरीत गेला की दार लोटून घ्यायचे आणि आवाज वर चढवायचा. चढायचा तो, पण शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून कोणी बोलावे तसा, एक हात भिंतीला धरून. आणि गाणे बदलायचे. शब्द तेच, जात्यावर जुळवलेले, बाच्या जुन्या चालीवर बसवलेले — हंडा माझा, दोर माझा, वीर कोणाची वं — पण वरच्या पट्टीत ती विहिरीची ओळ विनवणी व्हायची. जणू पाटलाच्या दारात उभे राहून कोणी ओंजळभर पाणी मागते आहे. खालच्या पट्टीत, तिच्या मूळ आवाजात, तीच ओळ काही मागत नसे. ती विचारत असे. आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याला जागचे हलू देत नसे.

हे मास्तरांना कसे सांगायचे? सकाळी नवऱ्याला सांगून पाहिले. शेषराव कचेरीत शिपाई, पट्ट्याचा बिल्ला घासूनपुसून लावणारा माणूस. भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, “मास्तरले नाराज काहून करतं? नवी तार फुकट भेटून राहिली, लाव अन् मोकयी हो.”

“तार नवी हाये, आवाज माहा जुनाच हाये नं.”

“अन् ही जुनी तिथंच तुटली मंग? भर सभेत? सारी वस्ती हासन. माह्यावर हासन, तुह्यावर कोनी नाई हासत.” आणि मग, चप्पल पायात सरकवताना, तिच्याकडे न पाहता, “तुले जसं वाटते तसं कर बाप्पा. मी तं येऊन बसतोच समोर.”

येऊन बसणार होता. एवढे त्याच्यात होते, आणि एवढ्यावर तिचे बारा वर्षे भागले होते.

हसतील, हे खरे. पण हसण्यापुढचे तिला दिसत होते. भर सभेत तार तुटली की ते चार म्हातारे एकमेकांकडे बघतील, आणि मग वस्तीतल्या कुठल्याच बाईच्या हाती वाद्य जाणार नाही, तिची मुलगी म्हातारी होईपर्यंत तरी...

जुनी तार पितळेची होती, जाड, जागोजाग हिरवी पडलेली. चुलीजवळच्या बरणीतून तिने चिंच काढली, भिजवली, चोथ्यासकट बोटात धरली आणि तारेवरून ओढली, पितळी तांब्याला लावतात तशी. भोपळ्याचे कातडे तेवढे फडक्याने झाकून घेतले. वाद्य साफ करायची हीच रीत असते की नाही, तिला ठाऊक नव्हते. पितळ साफ करायची रीत तिला ठाऊक होती.

“तारेले चिंच लावून राहिली वं?” शेजारची गंगूबाई दारात केव्हा येऊन उभी राहिली कळलेच नाही. भाजीची रिकामी टोपली काखेत, बाजार उरकून आलेली. “उद्या नवऱ्यालेही लावशीन, उजयते का पाह्यत.”

“त्यो नाई उजयत. त्यो लोखंडाचा हाये.”

गंगूबाई हसली, टोपली उपडी करून तिच्यावर बसली आणि पाटावरची पुडी उघडून पाहू लागली. “मास्तरनं आणली? मंग लाव नं माय. तुहा आवाज म्हंजे... राग नको मानू. माह्या पोरीच्या हळदीत तू गायली, तं जावई पुसे, आत कोन माणूस बसला हाये?”

राग नाही आला. त्या जागेवर कधीच घट्टा पडला होता. तेरा वर्षांची असल्यापासून तिला हळदीच्या गाण्यात मागच्या रांगेत बसवत आले होते. मैना नाव ठेवलं अन् घुबड निघालं, असे एक आत्या म्हणायची आणि सगळ्या बाया पदर तोंडाला लावायच्या. मी पण हसायची त्यांच्यात. आपणच आधी हसले की दुसऱ्याचे हसणे कमी लागते, हे मला फार लवकर कळले होते. गंगूबाई उठून गेली तेव्हा मैना अजून तारेवरून चिंच ओढत होती, आणि हिरव्याखालून पितळ एका लांब, अरुंद रेघेत उजळत चालले होते.

मग तो कुंकवाचा कण. शेवटचे कुंकू पंचावन्न सालचे. खंडेनवमीला बा एकतारी धुवायचा—भोपळाच, कातडे नाही—आणि खुंटीला हळदकुंकू लावायचा, तसे कोणी विळ्याला लावते, कोणी वस्तऱ्याला. पुढच्या वर्षी खंडेनवमीला तो घरी नव्हताच, दीक्षा घ्यायला नागपूरच्या वाटेवर होता. परत आला तो पांढरे कपडे घालून, आणि दुसऱ्या दिवशी वस्तीतली माणसे घराघरातले देव नाल्यात टाकायला दारोदार टोपली घेऊन फिरली. मी दसऱ्याला माहेरी आलेली. देव्हाऱ्यातले देव माझ्याच हातांनी टोपलीत घातले. एकेक उचलताना हात हलका होत गेला, हे कोणाला खोटे वाटेल पण तसेच झाले. मग पुंजाराम, जिनातलाच एक, रागीट पण सरळ माणूस, त्याने भिंतीवरची एकतारी काढली.

“हे देव नाई,” मी म्हटले.

“कुंकू हाये याच्यावर. ज्याच्यावर कुंकू, त्यो देव.”

“मंग आमा साऱ्या बायांच्या कपायावरही हाये. आमालेही टाक नाल्यात.”

पुंजाराम इतका हसला की त्याला टोपली खाली ठेवावी लागली. एकतारी राहिली. बा ओसरीवर बसून होता. पण त्यानंतर चार वर्षे, मरेपर्यंत, त्याने एकतारी वाजवली नाही. जुनी गाणी सुटली होती आणि नवी त्याच्या तोंडात बसली नव्हती. नुसती पुसायचा. पुसताना खुंटीजवळचा तो कण त्याला दिसत असणारच...

दिसत होता, आणि त्याने राहू दिला. मैनाने चिंधी बाजूला ठेवली. राहू दे. देव गेला, त्याचे काही वाटत नाही. बाच्या बोटाचे एवढे राहू दे. कोणी विचारले तर पुंजारामला सांगितले तेच सांगीन.

तारेवरून बोट फिरवत ती खाली आली आणि थांबली. घोडीवर, म्हणजे कातड्यावरच्या ज्या लाकडी तुकड्यावर तार टेकते तिथे, तार झिजली होती. नखाला खाच लागत होती. चिंचेने घाण गेली तशी खाच उघडी पडली होती. इथेच तुटणार, तुटली तर. तिने पुडीकडे पाहिले. पोलादाची तार उन्हाच्या कवडशात चमकत होती, काही इतिहास नसलेल्या वस्तूसारखी. उठून ती खुंटीला बांधायला किती वेळ लागला असता? भात शिजण्याइतकाही नाही.

पण ही जाड तार बाने लावली तरी कशाला होती?

प्रश्न कुठून आला कळले नाही. इतक्या वर्षांत तो तिला पडलाच नव्हता. तिचे लग्न व्हायच्या आदल्या वर्षी बा मोटारीने अमरावतीला गेला होता, एका दिवसाचा खाडा करून, आणि दिवेलागणीला परत आला तो ही तार मनगटाला कड्यासारखी गुंडाळून. “दुकानदार हासे,” तो आईला सांगत होता. “म्हणे, ही तं तंबोऱ्याची खर्जाची तार, सर्वांत खालच्या सुराची. एकतारीले कोन लावते?” भजनातले लोकही हसले. देवमन, तुही तार झोपली काय, म्हणाले. कारण बाचा आवाज वरचा होता, ताडावर चढून हाक मारावी तसा. या तारेसाठी त्यालाच दोन पायऱ्या खाली उतरून गावे लागायचे, आणि खाली त्याचा आवाज पांगळा व्हायचा. तरी त्याने तार बदलली नाही. आणि पहाटे, मी आत जात्यावर बसले की तो भिंतीच्या पलीकडे अंगणात बसून ती नुसती छेडत राहायचा. गायचा नाही. गायची ती मी, दळताना, कोणी ऐकत नाही असे समजून. जात्याच्या घरघरीत माझा सूर त्या तारेवर असा बसायचा की कुठे तार संपते आणि कुठे मी सुरू होते ते...

माझ्यासाठीच असे कशावरून? त्याची काटकसर असेल. अमरावतीच्या दुकानात तेवढीच तार शिल्लक असेल. स्वस्त असेल. बाने मला एकदाही, गा, असे म्हटले नाही. भजनात बाया बसत नसत आणि मला बसवावे असे त्याच्या मनात आल्याचे कधी दिसले नाही. मेलेल्या बापाच्या तोंडात आपल्याला हवे ते शब्द घालणे फार सोपे असते. ते मी करणार नाही.

आणली असो माझ्यासाठी, नसो. आवाज तर माझा आहे ना?

तिने खुंटी सैल केली. खुंटीवर तारेचे चार वेढे होते, बाने राखून ठेवलेले. एक वेढा तिने सोडला, खालची गाठ उकलली, तार दोन बोटे खाली ओढली आणि पुन्हा गाठ मारली, दोरखंडाला मारतात तशी, दातांनी आवळून. तोंडात चिंचेची आणि पितळेची चव आली. झिजलेली जागा आता घोडीच्या खाली गेली होती. घोडीवर कोरी तार आली होती. यानेही तुटणार नाही असे नव्हते. फक्त आता तुटायला तिला थोडे जास्त कारण लागणार होते.

खुंटी पिळत पिळत ती तार वर आणू लागली, आणि मध्येच, जात्याच्या त्या सुरावर, हात आपोआप थांबला. तिने छेडली. भोपळा मांडीवर थरथरला, आणि तो थरथराट मांडीतून पोटात गेला. आवाज स्वच्छ नव्हता. त्यात किंचित खर होती. असू दे, माझ्यातही आहे.

दार उघडेच होते. बाहेर वैशाखाचे ऊन, बिनझाडाची गल्ली, समोरच्या ओट्यावर गंगूबाई भाजीचे देठ निवडत बसलेली. दार लोटून घ्यायला मैना उठली नाही. हंडा माझा, दोर माझा... पहिल्यांदा हळू, मग मोठ्याने. गंगूबाईचा हात थांबला. ती हसेल असे वाटले. हसली नाही; आवडले असेही तिच्या तोंडावर काही दिसले नाही. देठ हातात धरून ती नुसती पाहत राहिली, कोणीतरी आपल्यालाच काही विचारले आहे आणि उत्तर द्यावे लागणार आहे, अशी.

मास्तर काय म्हणतील? म्हणतील, मैनाबाई, पेटी काळी दोनवर, तुम्ही कुठे? आणि तेव्हा एकदम, तार बोटाखाली असतानाच, मैनाला ते सुचले, इतके साधे की आठ दिवस ते दिसले कसे नाही याचेच नवल वाटावे. पेटीची पट्टी बदलायला मास्तरांना काही तोडावे लागत नाही, काही बांधावे लागत नाही. बोट तेवढे खाली सरकवायचे. चार पट्ट्या, एवढेच अंतर. मग आठ दिवस शिडीवर मीच का चढत होते?

सरकवतील? मास्तर चांगले आहेत. पण चांगल्या माणसालाही आपले बोट आपल्या जागेवरून हलवणे जड जातेच. नाहीच सरकवले तर पेटी गप्प राहील, आणि पत्र्याखाली एक तार आणि एक बाई, एवढेच ऐकू येईल. त्या कल्पनेची भीती वाटली. ती गेलीही नाही. पण तिच्या शेजारीच दुसरे काहीतरी येऊन बसले होते, तिच्याहून खालच्या पट्टीतले, जड आणि न हलणारे... तुटेल का तार? तुटो. सुरुवातीलाच तुटणार नाही, एवढी ती मला कळली आहे. पहिली ओळ तोवर म्हणून झालेली असेल.