नववी जागा

शनिवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी, न्क्वालिनीच्या संत्र्यांच्या बागांपाशी, सेंझो म्बाथाच्या पंधरा जागांच्या टॅक्सीतल्या यंत्राने सोळा प्रवासी मोजले. गाडीत पंधरा होते.

सेंझोने आरशात पाहून मोजले. मग गाडी कडेला घेऊन, मागे वळून, एकेकाकडे बोट दाखवत मोजले. पंधराच. आरशावरच्या काळ्या डबीत मात्र लाल आकडा सोळाचा होता, आणि तोच आकडा एव्हाना एम्पांगेनीला मालकाच्या फोनवर गेला होता. म्हणजे तिसरी ताकीद. तिसऱ्या ताकिदीला किल्ली परत करायची, हे न्गेमा मालकाने डबी बसवली त्याच दिवशी सांगितलं होतं. जागा रिकामी गेली तरी ताकीद, एक माणूस जास्त झाला तरी ताकीद. सेंझोच्या दोन झाल्या होत्या आणि अकरा वर्षं तो हीच गाडी चालवत होता.

सकाळी एम्पांगेनीच्या तळावर सगळं रीतसर झालं होतं. झुंगूबाबा काटेरी बोराची फांदी छातीशी धरून आले आणि दोन जागा घेतल्या. आठवी त्यांची, नववी मुलाची. मुलगा मागच्या आठवड्यात हायवेवर ट्रकखाली गेला होता. जिथे तो गेला तिथूनच त्याचा आत्मा फांदीवर घेऊन ते मेलमोथला घरी निघाले होते. रविवारी माती होती. फांदी हातात असेपर्यंत म्हाताऱ्याने जिवंत माणसाशी बोलायचं नसतं, फक्त नेतोय त्याच्याशी. त्यामुळे भाडं त्यांनी मुकाट्याने पुढे केलं आणि कोणी काही विचारलं नाही.

ड्रायव्हर सोडून डबीत आकडा चौदा. नववी जागा रिकामी.

डबी वेगही मालकाला कळवायची; वाटेत तिच्यावरूनच बोलणं निघालं.

"बरं झालं बसवली," मागून शाळामास्तर म्हणाले. "निदान आता आमचे सेंझोभाऊ वळणावर विमान उडवत नाहीत."

"मास्तर, तुम्हाला विमान आवडत नसेल तर बैलगाडी बघा," सेंझो म्हणाला.

"हसू नका रे," पुढच्या बाकावरची माखोझा म्हणाली. बाजारात कोंबड्या विकणारी ही बाई दर शनिवारी असायची. "आधी ड्रायव्हर रस्त्याकडे बघायचा. आता डबी ड्रायव्हरकडे बघते, ड्रायव्हर डबीकडे बघतो. रस्त्याकडे कोण बघतंय?"

"आई, मोठ्या शहरांत आता गाड्या आपल्याआपण चालतात," मास्तर म्हणाले.

"चालू देत की! मी रस्त्यावर बोट वर केलं तर थांबतील का त्या? कुठे जायचंय ते माझ्या हातावरून ओळखतील? हा सेंझो ओळखतो. मेला रागावलेला असला तरी ओळखतो."

सगळे हसले. झुंगूबाबा हसले नाहीत. ते हळू आवाजात फांदीला सांगत होते, "हा म्हलातुझेचा पूल आला, बाळा. आपण पूल ओलांडतोय. घाबरू नकोस, मी इथेच आहे."

पूल संपला आणि सेंझोचा फोन वाजला.

"नववी रिकामी का रे?" मालक.

"मालक, ती गेलेल्या माणसाची आहे. म्हातारे घरी नेतायत त्याला."

"ते मला कळतं, डबीला कळत नाही. बागेपाशी कुणी हात केला तर घे. नाहीतर तिसरी धर."

बागेपाशी एका मुलीने हात केला. बोटांची खूण मेलमोथची. पाठीवर संत्र्यांचं पोतं. सेंझोने ब्रेक दाबला.

"अरे, काय करतोस?" माखोझा ओरडली. "ती जागा घेतलेली आहे!"

"वीस मिनिटांचा तर रस्ता आहे, आई. तरुण पोरगा होता. टॅक्सीत दाटीवाटीने बसायची सवय असेलच त्याला."

कोणी हसलं नाही. मुलीला काही ठाऊक नव्हतं. ती सरळ नवव्या जागेवर बसली. झुंगूबाबांनी फांदी मांडीवर ओढून घेतली. त्यांचं पुटपुटणं थांबलं. आकडा पंधरा झाला. गाडी हलली आणि आकडा सोळा झाला.

सेंझोने गाडी कडेला घेऊन दोनदा मोजलं. मुलीनेच विचारलं, "इथे कोण होतं?" उत्तराची वाट न पाहता ती पोत्यासकट उतरली आणि झाडाखाली उभी राहिली.

आकडा पंधरा. गाडीत चौदा.

गाडी मेलमोथला पोहोचली. तळावर सगळे उतरले; फक्त झुंगूबाबा बसून राहिले. सेंझोने न सांगता गाडी थेट त्यांच्या फाटकाशी नेली. म्हातारे उतरले. "घर आलं, बाळा. उतर." फांदी पुढे धरून ते चार पावलं चालले, थबकले, परत आले. "उतर ना." पुन्हा चार पावलं. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज फाटला. फाटकाशी बायका उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर शाली ओढल्या.

सेंझो खाली उतरला आणि त्याने काचेतून डबीकडे पाहिलं. एक.

रविवारची माती पुढे ढकलली.

सोमवारी मालकाने किल्ली घेतली. डबी बसवणारा माणूस आला, त्याने काच पुसली, तारा तपासल्या, दुसरी नवी डबी लावली. एक. मालक स्वतः आत जाऊन बसला. दोन. तो उतरला तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ ओली होती.

"दुसरा ड्रायव्हर बघू," तो म्हणाला. पण तळावरच्या चौघांनी किल्लीला हात लावला नाही.

दुपारी झुंगूबाबा आले. हातात फांदी नव्हती, म्हणून बोलता येत होतं.

"त्याला न विचारता त्याची जागा दिलीस," ते सेंझोला म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आता तो माझं ऐकत नाही. त्याला वाटतंय, जागा सोडली तर पुन्हा कोणी घेईल. नवी फांदी आणतो. गाडी तूच चालव. वाटेत माफी माग."

मालकाने किल्ली सेंझोपुढे धरली. मग म्हणाला, "घेऊन जा. आठवी-नववी, बाकी सगळी रिकामी. त्यांच्या फाटकाशी आकडा शून्य झाला, तर किल्ली तुझी. नाही झाला, तर गाडी तिथेच उभी कर आणि तू चालत ये. मला ती परत नको."

बुधवारी सकाळी सव्वाआठला गाडी एम्पांगेनीहून निघाली; आठव्या जागेवर नवी फांदी धरलेले झुंगूबाबा. मालक तळावर फोन हातात धरून उभा होता, शेजारी माखोझा. आकडा दोन. पुलावरही दोन. सेंझोने फोन चालू ठेवला होता. त्याचा आवाज येत होता, पण तो मालकाशी बोलत नव्हता.

"चुकलं माझं, भाऊ. ही तुझीच जागा. कुणाला बसू देणार नाही. पूल गेला बघ. आता बागा येतील. तिथे मी थांबणार नाही."

नऊ वाजून चार मिनिटांनी गाडी बागा ओलांडून घाटाला लागली. तिथून पुढे रेंज जाते. शेवटचा आकडा दोन होता.

फाटकापर्यंत पंचवीस मिनिटं लागतात. मालक अजून तळावर उभा आहे. रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत, फोनवर नवा आकडा आलेला नाही, आणि सेंझो ना गाडीतून आलेला आहे ना चालत.