पहिलवानाचा जबडा

केशरबाई टेम्पोतून उतरल्या तेव्हा भगवंतरावांनी पहिलवान बोकडाला धुऊनपुसून शेडबाहेर बांधून ठेवलं होतं. बाई अंजनगाव सुर्जीकडच्या, मोठा कळप धुऱ्याबांधावर चारणाऱ्या. त्यांना पैदाशीचा बोकड हवा होता. तिवशाच्या या फार्मवर बोकड किलोवर विकत नाहीत, आईच्या दुधावर भाव ठरतो, हे त्या ऐकून होत्या.

ही पद्धत भगवंतरावांच्या मुलीची, आकांक्षाची. बी.एस्सी. होऊन घरी आली आणि तिनं सगळा कळप भुरी नावाच्या एका दुधाळ शेळीवर उभा केला. पहिलवान भुरीचाच. भाव खाटकाच्या चौपट.

पण सकाळी त्याच्या तोंडात अंगठा घालून पाहिल्यापासून आकांक्षाला घास गेला नव्हता. शेळ्यांना वर पुढचे दात नसतात, खालचे दात वरच्या हिरडीला टेकतात; याचे तिथवर पोचतच नव्हते. खालचा जबडा आखूड होता. बापाला सांगितलं, तर ते म्हणाले, "चूप राह्य. आज याचं तोंड उघडलं तं उद्या लोक भुरीचं उघडतीन. मंग काय विकतं?"

केशरबाईंनी पहिलवानाची पाठ दाबली, पाय पाहिले, मागून हात घालून गोट्या चाचपल्या.

"दात नाही पाहत, मावशी?" आकांक्षानं विचारलं.

"घोडा घेऊन राहिली का मी?" बाई हसल्या. "चढवा टेम्पोत."

भगवंतरावांनी दोर सोडला. आकांक्षानं सुबाभळीची डहाळी मोडली आणि बोकडापुढे धरली. त्यानं ओढलं, पाला तोंडातून निसटला. पुन्हा ओढलं, पुन्हा निसटला.

"हा सरकीच्या ढेपेवर वाढला, मावशी. तुमच्या धुऱ्यावर उपाशी राहील. याची पिल्लंबी तशीच निघाली तर?"

भगवंतराव दोर धरून तसेच उभे राहिले. केशरबाईंचं हसू गेलं होतं.

"याची माय कुठं हाय?"

भुरीचं तोंड आकांक्षानंच उघडलं. दात हिरडीला बरोबर टेकत होते.

"पाह्यलं? माय चोख हाय," भगवंतरावांनी श्वास सोडला.

इथं गप्प बसणं सोपं होतं.

"चोख दिसते, बाबा. असा दोष बहुतेक दोघांकडून येतो, माय अन् बाप. दिसत नाही, पण हिच्यात असंल."

"म्हंजे इथलं कोणतंच जनावर भरवशाचं नाही," केशरबाई म्हणाल्या.

"आज तरी सांगता येत नाही."

"खरं बोलली, पण माही वारी फुकट गेली." त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. टेम्पो रिकामाच गेला.

भगवंतराव चारा टाकायच्या गव्हाणीवर बसले. "झालं समाधान? पहिलवानाचा भाऊ बडनेऱ्याले देला, त्याचं काय करतं आता?"

आकांक्षानं बडनेऱ्याला फोन लावलाच होता.

"अमोलभाऊ, त्या बोकडाची पिल्लं झाली का?"

"झाली ना. लय झ्याक हायत. कावून, काय झालं?"

"एकेकाचं तोंड उघडून पाहा. अन् आजपासून त्याले शेळ्यांत सोडू नका. मी निघाली तिकडंच."