फक्त आकाशावर रोखलेला सोरामोरी

ज्यानं सोरामोरी रचला तो माणूस केव्हाच वारला होता, नाहीतर मी त्याच्या घरी जाऊन भांडले असते. अहो, साठ मीटर उंचीचा यंत्रमानव बनवता आणि त्याची तिन्ही शस्त्रं फक्त वरच चालतात? डोक्यावरची तोफ उडते ती वर. खांद्यांतलं पोलादी जाळं सुटतं ते वर. शेवटचा जालीम भाला, तोसुद्धा फेकायचा सरळ वर! समोर शत्रू येऊन उभा राहिला तर काय करायचं, त्याला चहा विचारायचा?

आमची कंपनी तोक्योतल्या ताकादानोबाबा भागात. आम्ही जो खेळ बनवत होतो त्यात जुन्या कार्टून मालिकांमधले महाकाय यंत्रमानव एकत्र येऊन लढतात. पडद्यावर चौकटींचा पट. एक पाळी तुमची, एक शत्रूची. कुठलं शस्त्र किती चौकटी लांब जाणार, किती जोरात लागणार, दारूगोळा किती पुरणार, हे सगळं ठरवणं माझं काम. बाकीच्यांचं काही अवघड नव्हतं. त्यांच्याकडे तलवारी होत्या, उडत्या मुठी होत्या. सोरामोरीच्या मालिकेत मात्र शत्रू दर आठवड्याला चंद्रावरून तोक्योवर खडक फेकायचा आणि हा गावाच्या मधोमध उभा राहून ते हवेतच फोडायचा. पुढच्या आठवड्यात पुन्हा खडक. पोरं कंटाळली आणि मालिका अर्ध्यातच बंद पडली. आमच्या पटावर मात्र शत्रू शेजारच्या चौकटीत येऊन उभे राहतात, आणि खडक कुणी फेकत नाही.

त्यात मालिकेचे हक्क असलेल्या लोकांची अट अशी की नवं शस्त्र द्यायचं नाही. आहेत तीच हवी तशी वापरा.

"निरासावा, शनिवारपर्यंत बसव, नाहीतर वगळ त्याला," आमचे निर्माते आकुत्सु-सान म्हणाले. "एवढे ढीगभर यंत्रमानव आहेत. एक गेला तर कोण रडणार आहे?"

"उकाइ-सान रडतील," मी म्हणाले.

आकुत्सु-सान घड्याळ बघत पुढच्या बैठकीला निघून गेले. ते दुष्ट नव्हते, नुसते घाईत होते.

उकाइ-सान म्हणजे सोरामोरी चालवणाऱ्या गेन्ताचा आवाज. मालिका बंद पडल्यावर त्यांना पुन्हा नायकाचं काम कधी मिळालं नाही. परदेशी सिनेमांतले हवालदार, दुकानांतल्या घोषणा, यावरच आयुष्य गेलं. वसंतात आम्ही फोन केला, तेव्हा ते दुसऱ्याच दिवशी सगळ्या कचेरीसाठी योकान नावाच्या मिठाईचा खोका घेऊन हजर झाले आणि तिथल्या तिथे उभं राहून गेन्ताची आरोळी ठोकून दाखवली. पंचाहत्तरीचा माणूस, पण खिडकीच्या काचा थरथरल्या. तिथेच मी त्यांच्यावर भाळले म्हणा ना.

आणि त्याच आठवड्याच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला. "निरासावा-सान, ध्वनिमुद्रण पुढच्या आठवड्यात मंगळवारी घेता येईल का? गुरुवारी डॉक्टर माझं स्वरयंत्र काढणार आहेत. कर्करोग आहे. त्यानंतर माझ्याकडे आवाज नसेल." नळ दुरुस्तीवाला येणार आहे, अशा सुरात सांगितलं.

आता माझी पंचाईत बघा. आमच्या खेळात प्रत्येक शस्त्राची वेगळी आरोळी असते. शस्त्र ठरल्याशिवाय आरोळी लिहिता येत नाही, आणि आरोळी लिहिल्याशिवाय मुद्रण नाही. शनिवारी शस्त्रं बसली नाहीत तर सोरामोरी बाद, आणि गेन्ता कायमचा मुका. मला झोप लागेना, जेवण जाईना. खुर्चीत दोन मिनिटं बसले की उठून येरझाऱ्या घालायचे. शेजारचा प्रोग्रामर तोकोरो वैतागून म्हणाला, "बाई, तू एका जागी बस तरी, नाहीतर बाहेर जाऊन पळ."

"तू गप रे. तुझं काय जातंय?"

शनिवारच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, मी काय अक्कल चालवली असेल? सोरामोरीला जमिनीवर आडवा झोपवला! झोपला की डोक्यावरची तोफ आपोआप समोर येते. नवं शस्त्र नाही, अट पाळली, पल्ला पाच चौकटी. मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्याच दिवशी आरोळ्या लिहून उकाइ-सानना पाठवल्या.

शुक्रवारी सकाळी ते स्वतःच येऊन थडकले. गळ्याला रुमाल, हातात माझे कागद.

"गेन्ता झोपून लढतो?"

"अहो, दुसरा इलाजच नाही. समोरच्याला मारता यायला हवं ना?"

"का?"

"का म्हणजे? लढाईचा खेळ आहे!"

"गेन्तानं कधी कुणावर शस्त्र रोखलं नाही. वरून जे पडतंय ते अडवायचं, एवढंच त्याला ठाऊक. लोक त्याच्या पायाशी उभे राहायचे, आणि तुम्ही त्यालाच आडवा केलात." आवाज आधीच खरखरीत झाला होता, तरी त्यांनी तो चढवला. "हे मी बोलणार नाही. शेवटचं काम आहे माझं. खोटं बोलून मुका होऊ काय?"

माझं डोकं फिरलं. एकतर रात्रंदिवस यांच्यासाठीच मरतेय, आणि वर हे ऐकून घ्यायचं! "मग नका बोलू! तुमच्या मालिकेत आकाशातून धोंडे पडायचे, आमच्या खेळात काही पडतच नाही, त्याला मी काय करू? तुमच्या गेन्ताला पटावर नुसता छत्री धरून उभा करू?"

म्हाताऱ्या माणसावर ओरडले मी, तेही आजारी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उकाइ-सान मात्र रागावले नाहीत. खुर्चीत बसले आणि रुमालानं कपाळ पुसू लागले.

तेवढ्यात तोकोरो पडद्यावरची नजर न काढताच म्हणाला, "पडतं की."

"काय पडतं?"

"तोफगोळे. शत्रूचे लांब पल्ल्याचे तोफखाने आहेत ना, ते गोळे वरूनच टाकतात. त्यांच्या पाळीत."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की बिचाऱ्याचा चष्मा नाकावरून घसरला.

सगळं चित्रच पालटलं. सोरामोरीनं स्वतःच्या पाळीत काही करायचंच नाही. जायचं आणि सोबत्यांच्या मधोमध उभं राहायचं. शत्रूची पाळी आली आणि आजूबाजूच्या कुणावर गोळा पडू लागला, की हा तो हवेतच फोडणार. जवळ पडणाऱ्याला तोफ, दोघातिघांवर पसरणाऱ्याला जाळं, आणि शत्रूच्या सेनापतीच्या अजस्र गोळ्याला भाला. आमच्या खेळात शत्रूच्या पाळीत काम करणारा यंत्रमानव आजवर कुणी केला नव्हता.

उकाइ-साननी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आरोळी कुणाला उद्देशून मारायची? शत्रूला नाही?"

"सोबत्याला. ज्याला वाचवताय त्याला."

ते पहिल्यांदा हसले. "हां. हा गेन्ता."

शनिवारी आकुत्सु-साननी पट बघितला, "बरं आहे, विचित्र आहे, राहू दे," म्हणाले, आणि मंगळवारी उकाइ-सान बोलले. काय बोलले! प्रत्येक सोबत्याला वेगळी हाक, लहान पोराला वेगळी, गर्विष्ठ सरदाराला वेगळी. मधेच आवाज फाटायचा, ते गरम पाण्याचा घोट घ्यायचे आणि पुन्हा उभे राहायचे. त्यांच्या पत्नी फुमिए-सान काचेपलीकडे थर्मास मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सगळ्यात शेवटी आली ती भाल्याची आरोळी. "वरचं माझ्याकडे! तू पुढे बघ!" त्यानंतर ध्वनिमुद्रकानं कानांवरचे हेडफोन काढले आणि काही न बोलता वाकून नमस्कार केला. गुरुवारी शस्त्रक्रिया झाली.

मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तिथेच गाढवपणा केला.

तीन आठवड्यांनी चाचणीच्या खोलीत गेले. तिथे चारपाच जण दिवसभर खेळ खेळून चुका शोधत बसलेले असतात. सोरामोरी मस्त चालला होता, ज्याच्या त्याच्या पटावर मधोमध उभा होता. मी उगाच फुशारून विचारलं, "कसा वाटला गेन्ताचा आवाज?"

"कुठला आवाज?" ओत्सुबो नावाचा पोरगेला तपासनीस म्हणाला.

"अरे, गोळा फोडताना बोलतो तो!"

"आम्ही कुठे ऐकतो? शत्रूच्या पाळीत बटण दाबून ठेवतो ना."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. आमच्या खेळात वार झाला की छोटा देखावा दिसतो, आरोळी त्या देखाव्यातच असते. बटण दाबून ठेवलं की देखावा गळतो. स्वतःच्या पाळीत लोक देखावे आवडीनं बघतात, पण शत्रूची पाळी म्हटली की झाडून सगळे बटणावर अंगठा दाबून बसतात. जगातला प्रत्येक खेळाडू हेच करतो. मी करते! वीस वर्षं मी हेच करत आलेय, आणि त्या माणसाचा शेवटचा आवाज नेमका त्याच पाळीत नेऊन पुरला. रडू फुटलं मला, तपासनिसांसमोर, नाक ओढत.

आकुत्सु-सान ऐकेनात. "देखावा सक्तीचा केला तर लोक शिव्या घालतील. आणि पुन्हा मुद्रण कुणाचं करणार आहेस?"

तेही खरंच होतं. मी तोकोरोच्या टेबलाला गराडा घातला, एकटीनंच. "देखावा नको. पण आवाज पटावरच वाजव. गोळा फुटतो तिथेच, चित्र नाही, काही नाही, नुसता आवाज. त्याला कुणी बटण दाबून गाळू शकणार नाही."

"पटाचं संगीत वाजत असताना एवढ्या आवाजाला जागाच नाही यंत्रात."

"मग संगीत बंद कर!"

"शत्रूच्या पाळीत, मधेच? बिघाड झालाय असं वाटेल लोकांना."

"वाटू दे. तोकोरो, पाया पडते तुझ्या."

"पाया बिया पडू नकोस, माझ्या टेबलापासून लांब हो फक्त," तो म्हणाला, आणि कामाला लागला.

पानगळ सुरू झाली तेव्हा उकाइ-सान फुमिए-सानबरोबर खेळ बघायला आले. गळ्यावर पांढरी पट्टी, अंगावर इस्त्रीचा कोट. खूप वाळले होते. मी त्यांना चाचणीच्या खोलीत नेलं. ओत्सुबो खेळत होता. त्याला मी मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. तो कुठलाही डाव खेळावा तसा खेळला, पाळी संपवली आणि सवयीनं बटणावर अंगठा दाबला. शत्रूच्या फौजा भराभर सरकू लागल्या. मग पलीकडच्या सेनापतीनं अजस्र गोळा सोडला आणि संगीत थांबलं. खोलीतलं सगळंच थांबलं.

"वरचं माझ्याकडे! तू पुढे बघ!"

ओत्सुबोचा अंगठा आपसूक बटणावरून उचलला गेला. फुमिए-साननी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "हेच," त्या म्हणाल्या, "अहो, हेच."

उकाइ-साननी हात पुढे केला. ओत्सुबोनं लगबगीनं उठून खुर्ची दिली, नियंत्रक हातात दिला आणि कुठलं बटण कशाचं ते सांगितलं. मला वाटलं, आता ते सोरामोरीला चालवतील, इकडेतिकडे फिरवून बघतील. त्यांनी कुणालाच हलवलं नाही. सरळ पाळी संपवली. शत्रूचा गोळा आला, संगीत थांबलं, त्यांचा आवाज आला. त्यांनी पुन्हा पाळी संपवली. पुन्हा आवाज. त्यांचे ओठ आवाजाच्या किंचित आधी हलत होते, शब्दाला शब्द. डोळे पडद्यावर, आणि चेहरा असा उजळलेला की मला तिकडे बघवेना आणि तिथून हलवेना. आपल्या पाळीत ते काहीच करत नव्हते. नुसती शत्रूची वाट बघत होते.

असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग त्यांनी पाळी संपवली आणि काहीच झालं नाही. संगीत वाजत राहिलं. शत्रूच्या तोफांमधले गोळे संपले होते. उकाइ-साननी आणखी एकदा बटण दाबलं, थोडं थांबले, आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तोकोरो!" मी दारातून अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल अशी ओरडले. "शत्रूचा दारूगोळा भर! लवकर! कधी संपणार नाही एवढा भर!"