कॅसेटमधली नेस्टा

रविवारचं जेवण उरकल्यावर क्लाइव्हने कॅसेट लावली. परग्रहावरच्या राक्षसांचे जुने, चार दमड्यांत उरकलेले सिनेमे म्हणजे त्याचा जीव की प्राण. बार्न्सलीतल्या व्हिडिओच्या दुकानात त्याने असली एकही कॅसेट सोडली नव्हती.

"ग्लेनिस, पळत ये! राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसतेय!"

"आधी स्वतःची लाव," म्हणत त्याची बायको भांडी पुसण्याचं फडकं घेऊनच आली.

पडद्यावरच्या पबमध्ये खिडकीतून कसलासा लगदा आत सरकत होता. गल्ल्यामागची बाई गर्रकन वळली, "दार लावा कुणीतरी!" म्हणाली आणि किंचाळली.

ग्लेनिस टीव्हीच्या अगदी जवळ गेली. "मागे घे."

"अगं, पुढे तर खरी—"

"मागे घे म्हणते ना!"

तीच. कपाटावरच्या फोटोतली आई, नेस्टा. गालावरचा तीळसुद्धा तोच. ग्लेनिस तान्ही असतानाच ती क्षयाने गेली, असं बाबांनी सांगितलं होतं. खोक्यावरचं सिनेमाचं साल मात्र ग्लेनिस शाळेत जाऊ लागली तेव्हाचं होतं. आईचा आवाज ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती.

ती तशीच, एप्रनवर, बाबांच्या परसात गेली. विल्फ्रेड कबुतरांना दाणे टाकत होता.

"बाबा, मी आईला पाहिलं. सिनेमात. खोटं बोलू नका आता."

म्हाताऱ्याने खुराड्याची कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

"सिनेमावाल्यांबरोबर गेली ती. मेली म्हणून सांगणं सोपं होतं, पोरी."

"सोपं? राख स्कारबरोच्या समुद्रात सोडली म्हणालात! दरवर्षी तिथे फुलं टाकते मी. कुणासाठी टाकत होते?"

त्याने मान वर केली नाही. "दोनदा आली होती तुला भेटायला. मीच दारातून हाकलली. मार्गेटला खोल्या भाड्याने देते म्हणे."

पुढच्या शनिवारी ग्लेनिस मार्गेटला विचारत विचारत नेस्टाच्या दारात उभी राहिली. दार उघडणाऱ्या म्हातारीने वरही पाहिलं नाही. "खोल्या भरल्यात, बाई."

"मी ग्लेनिस. बार्न्सलीची."

नेस्टाने चौकट घट्ट धरली.

"पण तो तर म्हणाला, तुला माझं तोंडही बघायचं नाही!"

"मला तुम्ही मेलात म्हणून सांगितलं."

नेस्टाने पुढे होऊन ग्लेनिसचं कोपर धरलं आणि तिला आत नेलं.