पाहणीच्या आदल्या दिवशी

मी एक जुने खुरपे आहे. मित्रांनो, माझे पाते झिजून निम्मे झाले, पण बोलायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

लोहाराने मला गाडीच्या मोडक्या पाट्यापासून घडवले, लाकडी मूठ बसवली आणि एका शेतमजूर बाईच्या हाती दिले. तेव्हापासून दुसऱ्यांच्या शेतातले तण काढणे हेच आमचे आयुष्य. बाई उकिडवी बसून पुढे सरकली की मागे गवताची काडी उरत नसे. मुकादम कौतुक करणाऱ्यातला नव्हता, तरी तोही इतर बायकांना तिचा वाफा दाखवायचा. मी फुगून जायचे.

मग नदी शेतात शिरली. पिकाची भरपाई मालकाला मिळाली, कारण पीक त्याचे. मजुरांचे काम बुडाले, त्याला कुणी वाली नव्हता. पुढे सरकारने जाहीर केले की, ज्या मजुरांच्या घरात पाणी शिरले त्यांना तातडीची मदत मिळेल. बाईच्या जिवात जीव आला. मदत मिळाली तर धाकट्या लेकीची शाळा सुटणार नव्हती.

साहेब पाहणीला येणार असे कळले आणि बाईची धांदल उडाली. एवढा मोठा माणूस घरी यायचा आणि घर असे! मायलेकींनी गाळ उपसला. मी जमीन खरवडली. भिंतीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ उठली होती, तीही बाईने माझ्या पात्याने खरवडून काढली आणि वरून मातीचा हात फिरवला. शेजारणीने मात्र घरातला चिखल तसाच ठेवला. हिला लाज कशी वाटत नाही, असे बाई दिवसभर पुटपुटत होती.

साहेब आले. बाईने दिलेले पाणी प्यायले आणि म्हणाले, "छान ठेवलंय घर. पाणी कुठे शिरलं होतं?"

बाईने छातीशी हात नेला. "इथवर होतं साहेब. तुम्ही येणार म्हणून काल सगळं साफ केलं."

"जे दिसत नाही ते मी कसं लिहू, बाई?" साहेब हसून म्हणाले आणि शेजारणीच्या दारात गेले.

शेजारणीला मदत मिळाली. बाईने माझी मूठ तासून बारीक केली, कारण धाकटीच्या हातात मी मावत नव्हते. पहिल्याच दिवशी तिच्या तळहाताला फोड आले आणि दुपारपर्यंत फुटले. तरी काम थांबले नाही.

मित्रांनो, घर स्वच्छ ठेवा, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. धाकटीलाही शिकवले होते. जरूर ठेवा. फक्त साहेब पाहून जाईपर्यंत थांबा.