समोरून जाड, मागून पातळ

रविवारी सकाळी सासूबाई सायकल घेऊन गेल्या तेव्हा अगदी धडधाकट होत्या. दुपारी परतल्या, तेव्हा दार उघडणाऱ्या सुनेच्या हातातला चहाचा कप निसटता निसटता राहिला. दोन्ही नडग्यांवर लाल रेघोट्या, कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे, आणि हनुवटीखाली एक काटा अजून तसाच रुतलेला.

"आई, मांजरांच्या भांडणात पडलात की काय?"

"मांजरं परवडली," बूट काढता काढता सासूबाई म्हणाल्या. "डोंगरातली पाइपलाइनची वाट! चार वर्षं तिकडे कुणी फिरकलं नाहीये. काय उतार आहे गं, लोण्यासारखा! फक्त दोन्हीकडून काटेरी झुडपं आत घुसलीत. जायला जागा म्हणून नाही."

सासूबाई चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी घरातली सगळी कपाटं लावली. दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांची लावली. तिसऱ्या महिन्यात त्यांना डोंगरात सायकल चालवणारी एक टोळी सापडली, तेव्हा कुठे शेजाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. टोळीत सहा जण होते, सगळे त्यांच्याहून लहान, आणि सगळे त्यांना 'सिस्टर' म्हणायचे.

त्यांचा मुलगा विमा कंपनीत होता. त्याला प्रत्येक गोष्टीत आधी अपघात दिसायचा. जिना दिसला की तो म्हणायचा, इथून कोणीतरी घसरणार. आईचे हात बघून तो मटकन खुर्चीत बसला.

"बस झालं आता, आई. ही सायकल गॅलरीत उभी राहील. कपडे वाळत घालू तिच्यावर."

"अरे, नुसतं खरचटलंय."

"आज खरचटलंय! पुढच्या वेळी काटा डोळ्यात गेला म्हणजे?"

"डोळ्याला चष्मा आहे, डोक्याला हेल्मेट आहे, गुडघ्याला पॅड आहेत. उरलं ते कातडं."

सून तंबू आणि पाठीवरच्या सॅक शिवणाऱ्या कारखान्यात शिवणयंत्रावर काम करायची. आता तिने सासूबाईंचा हात उजेडात धरून निरखून पाहिला आणि नवऱ्याला म्हणाली, "म्हणजे प्रश्न कपड्यांचाच आहे ना? मग तो माझ्याकडे दे."

पहिली पँट तिने तंबूच्या जाड कॅनव्हासची शिवली. काटाच काय, खिळासुद्धा आत गेला नसता. सासूबाईंनी ती घातली आणि त्या हॉलमध्ये चालल्या तर शेजारच्यांना वाटलं कुणीतरी कपाट सरकवतंय. गल्लीच्या टोकापर्यंत सायकलवर जाऊन परत आल्या, त्या घामाने निथळत.

"गुडघा वाकतच नाही गं. आणि आत भट्टी पेटलीय. काटे टोचले असते तर निदान वारा तरी लागला असता."

दुसरी पँट ताणल्या जाणाऱ्या पातळ कापडाची. ती इतकी हलकी होती की सासूबाई खूश होऊन गेल्या आणि तासाभरात तोंड पाडून आल्या. काट्यांनी जागोजागी धागे ओढून काढले होते. पँटला दाढी आल्यासारखं दिसत होतं.

सुनेला आता चेव चढला. तिने सासूबाईंना खिडकीपाशी स्टुलावर बसवलं, वही घेतली, आणि नडगीवरचे जुने-नवे ओरखडे एकेक करून उतरवून घ्यायला लागली. कुठून सुरू होतात, कुठे संपतात. पंधरा मिनिटांनी तिची पेन्सिल थांबली.

"आई, पोटरीवर एकही नाही!"

"काय नाही?"

"ओरखडा. सगळे समोर आणि बाहेरच्या बाजूला. मागे काही नाही, आत काही नाही. आणि हातावर बघा, मनगटाशी बांगडीसारखा पट्टा झालाय. हातमोजा संपतो आणि बाही वर सरकते, तिथेच सगळ्यात जास्त काटे!"

सासूबाईंनी स्वतःच्या पोटऱ्या वळून वळून पाहिल्या. "अगं हो की! मी पुढे जाते म्हणजे काटे समोरूनच येणार. इतकं साधं!"

म्हणजे जाड कापड हवं फक्त समोर आणि बाहेरच्या कडेला. सॅकच्या तळाला लावतात ते घट्ट विणीचं नायलॉन. मागे खेळाडूंच्या शर्टाचं जाळीदार कापड, वारा खेळायला. बाही लांब, टोकाला अंगठा अडकवायला फास, म्हणजे ती वर सरकणार नाही. सुनेच्या डोक्यात सगळं तयार झालं, फक्त माप घ्यायचं राहिलं.

त्या संध्याकाळी मुलगा ऑफिसातून घरी आला, तर हॉलच्या मधोमध जेवणाच्या टेबलाला सायकल टेकवलेली, तिच्यावर हेल्मेट घालून आई बसलेली, आणि फरशीवर पालथी पडून बायको आईच्या गुडघ्यावर खडूने खुणा करतेय.

"हे काय चाललंय?"

"माप घेतेय," बायको वर न बघता म्हणाली.

"उभं करून नाही घेता येत?"

"सायकल उभ्याने चालवतात का? बसलं की गुडघ्याला कापड जास्त लागतं, कंबर मागून खाली सरकते. आई, पॅडल फिरवा जरा. हां, थांबा!"

तो चपला हातात घेऊन, कडेकडेने, आत निघून गेला.

तिसरी पँट आणि अंगरखा तयार झाल्यावर सुनेने दोन्ही आधी स्वतःच घातलं. कारखान्याच्या मागच्या भिंतीलगत काटेरी कुंपण माजलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती त्यात शिरली. बारा बायका डबे हातात घेऊन बघत होत्या, आणि कापड कापणारे मास्तर कपाळाला हात लावून उभे होते. पाच पावलं झकास पडली. सहाव्याला ती अडकली. ना पुढे, ना मागे.

"खिसा!" मास्तर ओरडले. "खिशाच्या झाकणात फांदी गेलीय. समोर खिसा कुणी सांगितला होता?"

दोघी-तिघींनी मिळून तिला सोडवलं. संध्याकाळपर्यंत खिसे मागच्या बाजूला गेले, आणि समोर एक शिवणसुद्धा उघडी राहिली नाही.

पुढच्या रविवारी ती टोळीबरोबर गेली. सायकल चालवायला नाही, बघायला. वाटेच्या खालच्या टोकाला एक बंद पडलेलं पंपघर होतं, तिथे चहाचा थर्मास घेऊन तिला थांबायचं होतं. निघताना टोळीतल्या दातांच्या डॉक्टरांनी सासूबाईंना आपादमस्तक न्याहाळलं. त्यांनी स्वतः झगझगीत नवी हाफ पँट घातली होती.

"सिस्टर, सोफ्याचं कव्हर काढून आणलंत का?"

"हो, आता सोफा उघडा पडलाय," सासूबाई म्हणाल्या आणि पॅडल मारून पुढे गेल्या.

अर्ध्या तासाने पंपघरापाशी सुनेला आधी वरून चाकांची सळसळ ऐकू आली, मग कडाड् आवाज, मग मोठी किंकाळी. थर्मास तिथेच टाकून ती चढावर पळत सुटली.

वळणावर सगळे थांबले होते. दातांचे डॉक्टर वाट सोडून झुडपाच्या पोटात गेले होते. पाय वर, सायकल छातीवर.

"मला हलवू नका! कुणीही हलवू नका! पण काढा!"

बाकीचे पाच जण उघड्या नडग्या घेऊन कडेला उभे होते. एकाने पाय पुढे टाकला आणि हाय हाय करत मागे घेतला. सासूबाईंनी सायकल आडवी केली, हातमोजे वर ओढले आणि सरळ झुडपात शिरल्या. फांद्या कापडावरून खरडत बाजूला होत होत्या. त्यांनी सायकल उचलून बाहेर दिली, मग डॉक्टरांचे दोन्ही दंड धरले. आता बळ लावायला सोयीचं पडावं म्हणून त्या वळू लागल्या.

"आई, पाठ फिरवू नका!" सून ओरडली. "मागे जाळी आहे!"

पण तोवर उशीर झाला होता. सासूबाई "आई गं!" म्हणत उडाल्या, आणि त्या हिसक्यातच डॉक्टर बाहेर आले.

सगळे इतके हसले की एक जण वाटेतच बसला. डॉक्टरही हसायला गेले, पण त्यांना ते सगळीकडून टोचलं.

पंपघराच्या ओट्यावर त्यांना पालथं झोपवून सासूबाईंनी मागच्या खिशातून चिमटा काढला.

"चौतीस वर्षं हे दुसऱ्यांच्या हातात देत आले. आज स्वतः वापरते. जरासुद्धा दुखणार नाही हं."

"सिस्टर, हे वाक्य माझं आहे. मी रोज म्हणतो. मला माहितीय ते खरं नसतं."

एकेचाळीस काटे निघाले. शेवटचा निघाल्यावर डॉक्टरांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"ताई, माझ्या मापाचं एक सोफ्याचं कव्हर मिळेल का?"

"मिळेल. पण माप सायकलवर बसूनच घ्यावं लागतं."

"मग पुढच्या आठवड्यात. आता चार दिवस मला बसायला जमेल असं वाटत नाही."

त्या टोळीतल्या सगळ्यांना तिने तसे कपडे शिवले. आता मागे बसायच्या जागीही जाड कापडाचा एक गोल तुकडा असतो. सासूबाईंनी तो हट्टाने लावून घेतला. मास्तरांनी तिला खिडकीजवळचं यंत्र दिलं आणि नवा नमुना काढायचा असला की तिलाच हाक मारायला सुरुवात केली. मुलाची काळजी गेली नाही, पण आईला न जाऊ देण्यापेक्षा तिच्या गळ्यात शिट्टी बांधणं सोपं, हे त्याने मान्य केलं.

येजा वाढल्यावर पाइपलाइनची वाट हळूहळू मोकळी झाली. एका रविवारी सुनेनेही सायकल मागून घेतली. शाळा सुटल्यापासून तिने सायकलला हात लावला नव्हता. पहिली दोन वळणं तिने ब्रेक दाबून, जीव मुठीत धरून काढली. तिसऱ्याला ब्रेक सोडला, वारा कानात शिरला, ती मोठ्याने हसली आणि त्याच हसण्यात चिखलात जाऊन बसली.

पुढून सासूबाईंचा आवाज आला, "लागलं का गं?"

"नाही!"

"मग ऊठ की, मागून लोक येताहेत!"