दुपट्यातला अर्धा किलो

दुग्धमहाराजांच्या वजनकाट्याभोवती एवढी गर्दी, की चार पंखे फिरत असूनही घामाच्या धारा लागल्या होत्या. काट्यावर माझ्या भाचीचं सात महिन्यांचं बाळ होतं, महाराजांच्याच पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं.

"सहा किलो सहाशे!" महाराज गरजले. "पाच आठवड्यांत जवळजवळ अर्धा किलो! डॉक्टर म्हणतात, बाळाला दूध सोसत नाही. अहो, बाळ दुधावर रुसलंय नुसतं! आम्ही मंतरलेलं गाईचं दूध पाजा, रुसवा पळालाच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण संतापाने. बाळाच्या गालांवर पुरळ, शीमध्ये रक्त, हातांच्या नुसत्या काड्या. डॉक्टरीणबाईंनी गाईच्या दुधाची ॲलर्जी ओळखून वेगळी पावडर लिहून दिली होती. महाराजांच्या सांगण्यावरून भाचीने तो डबा कपाटात कोंबला होता.

"मावशी, तुला मेलं कशातच चांगलं दिसत नाही," ती मला म्हणाली. "काटा काय खोटं बोलतो?"

काटा खरंच बोलत होता.

महाराज दर आठवड्याला दुपटं आतल्या खोलीत नेत आणि काठाला 'आशीर्वादाचा टाका' घालून आणत. मी तीस वर्षं पडदे शिवतेय. टाका म्हटल्यावर माझे कान टवकारणारच. मी बाळ भाचीच्या हातात दिलं आणि दुपटं झटकलं. ते पडद्यासारखं ताठ, सरळ खाली पडलं. साधं सुती दुपटं असं पडत नाही. काठ चाचपला, तर बोटांना अगदी ओळखीचं काहीतरी लागलं.

मी गादीवरची उशी उचलली. "महाराज, हिच्यावरही कृपा करा. बिचारी फार हडकुळी आहे हो."

ते तोंड उघडेपर्यंत मी उशी काट्यावर ठेवलीसुद्धा. चारशे ग्रॅम. मग तीच उशी दुपट्यात गुंडाळून ठेवली. एक किलो तीनशे!

"बघा, उशीलाही दूध पचलं!"

हॉलमध्ये हशा पिकला. "श्रद्धेची चेष्टा!" महाराज किंचाळले. मी पर्समधली कात्री काढून काठ उसवला. शिशाच्या पाच चकत्या टणटण जमिनीवर पडल्या. पडदा फडफडू नये म्हणून आम्ही काठात घालतो, त्याच. दर आठवड्याला एक.

भाचीने बाळाला उघडं करून काट्यावर ठेवलं. पाच किलो सातशे. पाच आठवड्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंकडे सहा भरलं होतं. बाळ घटत होतं आणि दुपटं बाळसं धरत होतं! तिने बाळाला उचलून छातीशी धरलं. महाराजांना मागच्या दाराने ध्यानाला जायची घाई झाली.

बाळाला घेऊन आम्ही तडक दवाखाना गाठला. डबा त्याच दिवशी कपाटातून बाहेर आला. दोन महिन्यांनी पुरळ गेलं होतं, आणि उघड्या अंगाने बाळ सात किलोच्या वर भरलं.

म्हणून सांगते, बाळाला दूध सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारा. कुणी चमत्कार दाखवला, तर बाळाचे कपडे काढून पुन्हा वजन करा. बाळाला त्याची लाज वाटत नाही. चारचौघांत प्रश्न विचारायची लाज आपल्याला वाटते, आणि त्या लाजेपायी आम्ही आमचं बाळ गमावून बसलो असतो.